व्याह्यांचं घड्याळ

डहाणूच्या इस्पितळातले हृदयाचे डॉक्टर कागदावर विश्वास ठेवणारे होते. मोबाइलवर आलेला कार्डिओग्राम त्यांना पटत नसे. तलासरीच्या शाखेत कुणाच्या छातीला तारा लावल्या की तिथून फॅक्स निघायचा, डहाणूत कागद बाहेर पडायचा, डॉक्टर तो खिडकीच्या उजेडाकडे धरायचे आणि मगच तोंड उघडायचे. त्या सोमवारी त्यांच्या हातात झरीच्या भिकी आजीचं हृदय आलं, ते अर्धंच. पहिले चार ठोके व्यवस्थित होते. पाचवा वर चढला, तो खाली आलाच नाही. पुढे कोरा कागद.

"बाई आहे का गेली?" डॉक्टरांनी विचारलं.

बाई होती. तलासरीच्या बाकावर बसून चहात बिस्किट बुडवत होती आणि "मला काय झालाच नाय, पोरीने उगाच आणला," असं नर्सला तिसऱ्यांदा सांगत होती. गेली होती ती टेलिफोनची लाइन.

ही दोन्ही इस्पितळं पंचक्रोशी आरोग्य मंडळाची. डहाणूचं मोठं, तलासरीचं धाकटं. दोन्हीकडे एकेक टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे कपाटाएवढं मशीन, आणि त्या दोघांना जोडणारी एक डिजिटल लाइन. डहाणूचं मशीन नविनभाऊ सांभाळायचे, तलासरीचं धोंडूकाका. दोघंही पंधरा वर्षांपासून आपापल्या मशीनला चिकटून होते. आणि अडीच वर्षांपूर्वी नविनभाऊंच्या विनिताचं धोंडूकाकांच्या ओंकारशी लग्न ठरलं, तेव्हापासून ते व्याही होते.

लाइनही अडीच वर्षांपासूनच आजारी होती. पाऊण तास बरी चालायची, मग बोलणं खरखरायचं, फॅक्स तुटायचा, लाइन पडायची आणि दोन मिनिटांनी आपोआप उठून बसायची. दोष हायवेच्या रुंदीकरणाला देऊन झाला, समुद्राच्या खाऱ्या हवेला देऊन झाला, चिकूच्या वाडीतल्या वटवाघळांनासुद्धा देऊन झाला. टेलिफोन कंपनीची माणसं तीन वेळा आली आणि "आमच्याकडून ओके" म्हणून तीन वेळा चिकू घेऊन गेली.

खरी गंमत तर पुढेच होती. दोन व्याही रोज सकाळी अकराला एकमेकांना फोन करून लाइनची चाचणी घेत. व्याह्यांशी बोलायचं म्हटल्यावर लाइन कशी चकाचक हवी. म्हणून अकराला पाच कमी असताना दोघंही आपापलं मशीन एकदा बंद करून चालू करत. ताजंतवानं झालेलं मशीन पाच मिनिटं कशाला कुरकुरेल? दोघं एकमेकांची तब्येत विचारत, हवापाणी सांगत, फोन ठेवत आणि वहीत लिहीत: "लाइन ओके." अडीच वर्षांत एकाही दिवशी लाइन नापास झाली नव्हती.

सोमवारी मात्र डॉक्टर टेलिफोनच्या खोलीपर्यंत चालत आले. त्यांनी तो अर्धा कागद नविनभाऊंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उद्या एखादा पेशंट खरंच पाचव्या ठोक्याला गेला, तर मला कळणार कसं?" एवढं बोलून ते गेले. नविनभाऊंना ते फार लागलं. त्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून मशीनच्या स्क्रीनवरची बारीक अक्षरं काही वाचता येईनात. घरी येऊन ते लेकीला म्हणाले, "विनू, उद्या जरा माझ्याबरोबर चल. तू वाच, मी ऐकतो."

विनिता एका पायावर तयार झाली. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि लग्नानंतर ती तलासरीच्या शाखेतच कामाला होती. तिथले कॉम्प्युटर, कॅमेरे, खाटांशेजारच्या घंट्या सगळं तिच्या हाताखाली. फक्त एक्स्चेंजचं कपाट नाही. त्याची चावी सासऱ्यांच्या खिशात. पण ती तयार झाली याचं खरं कारण वेगळं होतं. घरात बसून बसून तिचं डोकं फिरायची वेळ आली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, तसं सातव्या महिन्यात तिला डहाणूला आणलं. मुलगी झाली. ओंकारची बहीण सुषमा आली आणि आत्याच्या हक्काने पाळण्यात दक्षा नाव ठेवून गेली. आता तीन महिन्यांनी, फार तर पाचव्या महिन्यात, सासरच्यांनी न्यायला यायचं. एवढं साधं. पण नविनभाऊ आणि विनिताच्या आई विजयमालाबाई यांना वाटे, आपण होऊन "न्या" म्हटलं तर त्यांना वाटेल की लेक जड झाली. आणि धोंडूकाका आणि ओंकारच्या आई जयश्रीबाई यांना वाटे, आपण होऊन "पाठवा" म्हटलं तर त्यांना वाटेल की सुनेला कामाला जुंपायची घाई झाली. तेव्हा डहाणू म्हणे, "तुम्ही म्हणाल तेव्हा." तलासरी म्हणे, "छे छे, तुम्ही म्हणाल तेव्हा." हे करता करता दक्षा साडेदहा महिन्यांची झाली. चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर, आणि विनिता परदेशात असल्यासारखी.

ओंकार झरीच्या आश्रमशाळेत मास्तर होता. तो दर रविवारी यायचा, पण जावई म्हणून. जावई आला की पापलेट तळायचे, तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, त्याला आग्रह करकरून वाढायचं. मग त्याला झोप लागायची. उठला की चहा आणि चारची गाडी. विनिताने एकदा त्याला फाटकापाशी गाठून सरळ विचारलं होतं, "तू नेत का नाहीस मला?"

"पप्पा म्हणतात, तुमच्याकडून निरोप आला पाहिजे."

"आणि आई म्हणते, तुमच्याकडून."

"मग?" ओंकार म्हणाला. तो स्वभावाने गरीब होता. चारची गाडी आली आणि तो गेला.

आणि दक्षाने तर बापाशी वैरच धरलं होतं. तिला जे काही करायचं ते ती आठवड्याच्या मधल्या वारी करायची. पालथी पडली मंगळवारी. पहिला दात गुरुवारी. रांगली बुधवारी. ओंकारने सगळं मोबाइलवर पाहिलं, आणि प्रत्येक वेळी "अरे वा" म्हणून तो गप्प झाला. ते गप्प होणं विनिताला सहन होत नसे. आता दक्षा खुर्ची धरून उभी राहायला लागली होती. हात सोडायची, डोलायची, पुन्हा धरायची. पहिलं पाऊल आज पडेल की उद्या, असं झालं होतं. विनिताने मनाशी ठरवलं होतं की बाकी सगळं हुकलं ते हुकलं, पण हे पाऊल ओंकारच्या डोळ्यांसमोरच पडलं पाहिजे. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी बापलेक मशीनसमोर बसले. दक्षा खाली फरशीवर वायरचा एक तुकडा चघळत होती.

आता या मशीनचं एक साधं गणित आहे. डिजिटल फोनमध्ये माणसाच्या आवाजाचे सेकंदाला आठ हजार तुकडे करतात. एकाने ज्या लयीत तुकडे टाकायचे, त्याच लयीत दुसऱ्याने उचलायचे. एका उखळात दोघी जणी कांडायला उभ्या राहिल्या की एकीने ठेका धरायचा आणि दुसरीने तो पाळायचा, तसंच. म्हणून प्रत्येक मशीनला सांगून ठेवावं लागतं की बाबा रे, तू कुणाच्या घड्याळावर चालायचंस. टेलिफोन कंपनीची लाइन डहाणूच्या मशीनमध्ये येत होती आणि कंपनीचं घड्याळ सगळ्यात पक्कं. तेव्हा डहाणूने कंपनीच्या मागे चालायचं, तलासरीने डहाणूच्या मागे. पंधरा वर्षांपूर्वी मशीनं बसवणाऱ्याने तसंच करून दिलं होतं.

"क्लॉक," विनिताने वाचलं. "पहिली पसंती, तलासरी."

"बरोबर," नविनभाऊ म्हणाले.

"दुसरी पसंती, कंपनी."

"बरोबर."

"बाबा, बरोबर काय? उलटं आहे हे." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, जणू त्यांना दिसणारच होतं. "आणि तलासरीचं मशीन कुणावर चालतं?"

"त्यांचं त्यांच्यावर चालत असणार. स्वतःच्या घड्याळावर."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"असं विचारतात का?" नविनभाऊ म्हणाले. "त्यांचं मशीन, ते समर्थ आहेत."

विनिताने बदलांची यादी उघडली. कुणी, कधी, काय बदललं ते मशीन लिहून ठेवत असतं. पंधरा वर्षांत घड्याळाचा बदल एकच होता. अडीच वर्षांपूर्वीचा, सोमवारचा, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांचा. ती तारीख तिला ओळखीची वाटली. मग लक्षात आलं. आदल्या दिवशी, रविवारी, तिचा साखरपुडा झाला होता.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

नविनभाऊंनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघ विनू. आपण मुलीकडचे. मुलाच्या बापाचं मशीन रोज उठून माझ्या मशीनच्या मागून चालणार, हे बरं दिसतं का? मी म्हटलं, आपण त्यांच्या मागून चालू."

"त्यांना सांगितलंत?"

"मान द्यायचा तो सांगून देतात का?"

एवढ्यात अकरा वाजले आणि फोन वाजला. पलीकडे धोंडूकाका. नमस्कार-चमत्कार झाले, डोळ्याची चौकशी झाली. मग विनिताने बापाच्या बरगडीत कोपराने असं ढोसलं की नविनभाऊंनी विचारून टाकलं, "व्याही, एक विचारू? राग मानू नका. तुमचं घड्याळ कुणावर लावलंय?"

"कुणावर म्हणजे?" धोंडूकाका म्हणाले. "तुमच्यावरच की! पहिल्यापासून. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मनात आलं होतं बदलायचं, आता आपण मुलाकडचे वगैरे. पण म्हटलं नको. ज्या माणसाने पोटची पोर दिली, त्याच्याच घड्याळावर आपण चालायचं."

म्हणजे अडीच वर्षं डहाणू तलासरीला विचारत होतं, किती वाजले, आणि तलासरी डहाणूला विचारत होतं, किती वाजले. दोघंही एकमेकांचं ऐकत ऐकत हळूहळू भलतीकडेच जात होते. पार पुढे गेले की एकमेकांचा हात सुटायचा, लाइन पडायची, दोघं भानावर यायचे आणि पुन्हा एकमेकांच्या मागे लागायचे. हायवे बिचारा निर्दोष होता. वटवाघळंही.

"अरे अरे," नविनभाऊ कळवळून म्हणाले, "तुम्ही आमच्या मागे? मग आम्ही आमचं काढून घेतो."

"नाही नाही, आम्ही काढतो," धोंडूकाका म्हणाले.

आणि दोघांनीही काढलं. विनिताने डहाणूचं मशीन झटकन कंपनीवर टाकलं, कारण तिला तेच हवं होतं. त्याच क्षणी धोंडूकाकांनी तलासरीचं मशीन तलासरीच्याच घड्याळावर टाकलं. आता दोघं दोन घड्याळांवर. लाइन टक वाजली. थोड्या वेळाने पुन्हा टक.

"पप्पा, तुम्ही पुन्हा आमच्यावर या," विनिता फोनमध्ये म्हणाली.

"आलो आलो," धोंडूकाका म्हणाले.

ते ऐकून नविनभाऊंना राहवेना. "आपल्यासाठी एवढा मोठा माणूस परत येतोय," असं म्हणत त्यांनी लेकीला बाजूला सारलं, एका डोळ्याने, निव्वळ सवयीने चार बटणं दाबली आणि डहाणू पुन्हा तलासरीच्या मागे लावलं. धोंडूकाकाही परत आले होते. बारा वाजेपर्यंत हा येण्याजाण्याचा खेळ तीनदा झाला आणि शेवटी दोघंही जिथे होते तिथेच, एकमेकांच्या मागे, समाधानाने उभे राहिले. नविनभाऊंनी वही उघडली आणि अंदाजाने लिहिलं: "लाइन ओके."

विनिता दक्षाला उचलून घरी आली. रागाने तिचे कान तापले होते. रात्री तिने दक्षाची दुपटी एका पिशवीत भरली.

बुधवारी सकाळी विजयमालाबाईंनी ती पिशवी पाहिली. "कुठे निघालीस?"

"तलासरीला. मशीन बघायला."

"न्यायला कोण आलंय?"

"आई, मी कामाला चाललेय. कामावरच्या माणसाला न्यायला येतात का?"

विजयमालाबाईंनी यावर विचार केला. कामाला जाणाऱ्या बाईबद्दल रीतीत काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पिशवी ओढली, त्यातली दुपटी आणि झबली काढून पुन्हा कपाटात ठेवली, एकच झबलं राहू दिलं. वर चार चिकू आणि खिमटाचा डबा ठेवला. "संध्याकाळी परत येशीलच," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

डहाणूहून चारोटी आणि तिथून हायवेला गाडी बदलून तलासरी. चारोटीला बस येईपर्यंत दक्षा एका उसाच्या गुऱ्हाळाच्या खांबाला धरून उभी राहिली. हात सोडला. डोलली. विनिताने तिला झडप घालून उचललं. "अजिबात नाही," ती तिला म्हणाली. "तलासरीपर्यंत एक पाऊल टाकायचं नाहीस. समजलं?" गुऱ्हाळवाल्या रखमीने चकित होऊन पाहिलं. पोरीने चालावं म्हणून नवस करणाऱ्या आया तिने पाहिल्या होत्या. चालू नको म्हणून दम देणारी ही पहिलीच. पुढचा सगळा रस्ता विनिताने दक्षाला मांडीवर आवळून धरलं आणि मोबाइलवर ओंकारला लिहिलं: जेवायच्या सुट्टीत इस्पितळात ये. का, ते लिहिलं नाही.

तलासरीच्या टेलिफोनच्या खोलीत धोंडूकाका खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "कुणी आणलं तुला? आम्ही कुणाला पाठवलं नव्हतं!"

"कुणी नाही. मी कामावर आलेय." तिने दक्षाला फरशीवर सोडलं आणि हात पुढे केला. "पप्पा, कपाटाची चावी द्या."

लग्नाला सव्वादोन वर्षं झाली होती आणि एवढ्या दिवसांत ती चावी कुणी मागितलीच नव्हती. धोंडूकाकांनी सगळे खिसे तपासले आणि पहिल्याच खिशातली चावी काढून दिली.

विनिताने मशीन पाहिलं. तलासरी डहाणूच्या मागे होतं, तसंच हवं होतं. तिने स्पीकर लावून डहाणूला फोन केला. "बाबा, तुमचं कंपनीवर टाका. इथलं तुमच्या मागे आहे आणि ते तसंच राहणार."

"व्याह्यांना विचारलंस?" पलीकडून नविनभाऊ.

"तुझ्या बाबांना आवडेल का, ते विचार आधी," अलीकडून धोंडूकाका.

"मी कुणालाच विचारत नाहीये," विनिता म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "ज्याच्याकडे कंपनीची लाइन येते, त्याचं घड्याळ. मुलीकडचं कोण आणि मुलाकडचं कोण, मशीनला कळत नाही. तुमच्या मानापानात तिकडे भिकी आजीचा अर्धा जीव कागदावर लटकतोय. बाबा, टाका. पप्पा, तुम्ही हात मागे घ्या."

धोंडूकाकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, शाळेतल्या पोरासारखे. डहाणूत चार बटणं दाबल्याचा आवाज आला. तलासरीच्या मशीनवरचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि हिरवा झाला.

"झालं?" धोंडूकाका म्हणाले.

"अजून नाही. पाऊण तासानंतर पडते ना? मग एक तास लाइन चालू ठेवा. बोलत राहा."

मशीनचा विषय सोडला तर दोघं व्याही आजवर पाच मिनिटांच्या वर कधी बोललेच नव्हते. डोळा झाला, हवा झाली. धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यात बोंबील कसे आले ते झालं. चिकूवरची कीड झाली. कीड संपल्यावर आंब्यावरची कीड झाली. मशीन आज कुणीच बंद-चालू केलं नव्हतं आणि तरी आवाज लख्ख येत होता. एकमेकांचं खाकरणंसुद्धा ऐकू येत होतं. पंचेचाळीस मिनिटं झाली. सत्तेचाळीस झाली. लाइन पडेना आणि बोलायला काही उरेना.

"व्याही, आहात ना?" नविनभाऊंनी विचारलं.

"आहे, आहे."

"मग... आपल्या विनिताचं..." नविनभाऊ म्हणाले आणि थांबले.

"तुम्ही म्हणाल तेव्हा," धोंडूकाका म्हणाले.

"छे छे. तुम्ही म्हणाल तेव्हा."

रोज इथवर येईपर्यंत पाच मिनिटं संपायची आणि दोघंही सुटकेने फोन ठेवायचे. आज ठेवता येत नव्हता, चाचणी चालू होती. विनिता मशीनला पाठ टेकून उभी होती. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण हे तरी त्यांचं त्यांनी म्हणावं असं तिला फार वाटत होतं.

त्याच वेळी दारात ओंकार आला. हाताला खडू, कपाळावर घाम. दक्षा कपाटाचं हँडल धरून उभी होती. तिने बापाला पाहिलं. आज त्याच्या हातात मिठाईचा पुडा नव्हता, रविवारचा इस्त्रीचा शर्ट नव्हता, तरी तिने ओळखलं. तिने हँडल सोडलं. डोलली. विनिता पुढे झाली नाही, तिने स्वतःचे हात स्वतःच घट्ट धरून ठेवले. दक्षाने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मग घाईघाईत तिसरं, आणि बापाच्या चपलांपाशी बदकन बसली.

ओंकार खाली बसला. मग त्याने विनिताकडे पाहून विचारलं, "आज बुधवार ना?"

"बुधवार," विनिता म्हणाली आणि तिला रडू आलं.

"काय झालं? गडबड कसली? लाइन पडली का?" स्पीकरमधून नविनभाऊ.

"लाइन आहे, व्याही," धोंडूकाकांचा आवाज बदलला होता. "दक्षा चालली. आपली दक्षा चालली हो."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "किती पावलं?"

"तीन."

"मग रविवारी न्या तिला," नविनभाऊ म्हणाले.

"रविवारी न्यायला येतो," धोंडूकाका म्हणाले.

दोघं एकाच दमात बोलले. आधी कोण बोललं ते दोघांनाही सांगता आलं नसतं आणि त्यामुळे दोघंही खूश झाले. धोंडूकाकांनी वही ओढली. किती तरी वेळ पेन धरून बसले आणि मग लिहिलं: "लाइन ओके. एक तास."

गुरुवारी भिकी आजीला पुन्हा बोलावलं. डॉक्टरांच्या हातात तिचं सबंध हृदय आलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि तलासरीला फोन करून सांगितलं की ठीक आहे. "मी तेच सांगत होते," भिकी आजी म्हणाली. "पण माझा कोण ऐकतो?"

विनिता संध्याकाळी परत गेली नाही. बुधवारीही नाही, गुरुवारीही नाही. जयश्रीबाईंनी तिच्या आवडीची वालाची उसळ केली, दक्षाची दृष्ट काढली आणि शनिवारी हळूच विषय काढला. "ते सगळं खरं गं. पण न्यायला जायचं म्हटलंय, तर न्यायला गेलंच पाहिजे. तुझ्या आईने काही तयारी केली असेल."

"मम्मी, मी इथे आहे."

"आहेसच. पण रीतीने नाहीस."

तेव्हा रविवारी सकाळी धोंडूकाका, जयश्रीबाई आणि ओंकार हे भाड्याच्या जीपमधून डहाणूला विनिताला आणि दक्षाला न्यायला निघाले. त्याच जीपमध्ये मागच्या सीटवर विनिता आणि दक्षा होत्या, कारण त्याशिवाय न्यायचं कुणाला? वाडीच्या वळणावर जीप थांबली. विनिता लेकीला घेऊन उतरली आणि चिकूच्या झाडांमधून मागच्या दाराने घरात शिरली. पाच मिनिटांनी जीप पुढच्या दाराशी आली आणि हॉर्न वाजला.

"या या," नविनभाऊ म्हणाले. काळा चष्मा आता निघाला होता.

"म्हटलं, सुनेला न्यावं," धोंडूकाका म्हणाले.

"तुमचीच आहे," नविनभाऊ म्हणाले. कुणीही हसलं नाही. पापलेट तळून झाले होते. ओंकारला आग्रहाने वाढलं. आज मात्र तो जेवून झोपला नाही, दक्षाचं बोट धरून अंगणात फिरत राहिला.

आतल्या खोलीत विजयमालाबाईंनी विनिताची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. कपाटातून दक्षाची दुपटी काढली, ती धुऊन, घडी घालून, वर चाफ्याचं एक फूल ठेवून तयार होती. एकेक घडी त्या पिशवीत ठेवत होत्या आणि प्रत्येक घडीवरून हात फिरवत होत्या. शेवटचं दुपटं हातातच राहिलं.

"आई," विनिता म्हणाली, "एवढे महिने तू एकदा तरी म्हणायचंस ना, की घेऊन जा म्हणून. ते धावत आले असते."

"म्हणूनच नाही म्हटलं," विजयमालाबाई म्हणाल्या.

विनिताने ओटीतला नारळ खाली ठेवला.

"मानपान तुझ्या बाबांचा. माझा कसला?" त्यांनी दुपट्याला नाक लावलं. "मी म्हटलं असतं, तर ते आले असते आणि तुम्ही दोघी गेला असता. त्या दिवशी तुझी पिशवी पाहिली तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी कपडे काढून ठेवले. म्हटलं, एक दिवस तरी आणखी."

इतके महिने विनिता ज्या दाराला धडका देत होती, त्याच्या मागे आई अशी उभी असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने आईच्या गळ्यात हात टाकले. दोघी तशाच उभ्या राहिल्या. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, मग थांबला. कुणी तरी घाई करू नका म्हणालं असावं.

"आता मी कुणाला विचारत बसणार नाही," विनिता आईच्या खांद्यावर म्हणाली. "मनात आलं की दक्षाला घेऊन येणार. कुणी आणायला येऊ दे, न येऊ दे."

विजयमालाबाईंनी पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"ये," त्या म्हणाल्या. "फक्त निघताना फोन कर. न सांगता आलेलं बरं दिसत नाही."